रिकाम्या वेळचे काम

देगलूरचा वसंत अल्पायुषी असतो. महाशिवरात्र झाली की पहाटेचा गारवा ओसरू लागतो, बांधावरचा पळस पेटतो, कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटते, आणि तिचा रंग पुरता हिरवा होण्याआधीच उन्हाळा दारात येऊन उभा राहतो. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या पंचांगात हाच काळ प्रायश्चित्तकाळाचा. बाहेर झाडे नवी वस्त्रे लेऊ लागतात आणि वेदीजवळ आम्ही जांभळी वस्त्रे परिधान करतो. पुढे पुनरुत्थानाचा सण यायचा असतो. राखेचा बुधवार उलटत नाही तोच घराघरांतून नव्या कपड्यांची कुजबुज कानी येऊ लागते.

२०२५ सालच्या प्रायश्चित्तकाळाची ही गोष्ट. आमचा धर्मग्राम लहान. कुटुंबे मोजकी, बहुतेक शेतमजुरीवर आणि लहानसहान नोकरीवर जगणारी. मंदिरालगतच्या खोलीत धर्मभगिनी मुलींसाठी शिवणाचा व विणकामाचा वर्ग चालवतात. त्या वर्गातील एकोणीस वर्षांची एक मुलगी एके सायंकाळी आमच्या कचेरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात दोन सुया आणि पांढऱ्या सुताचा गुंडा.

"फादर, ईस्टरला मी माझ्या हातानं टॉप विणायलेय. सुती. खाली अन् बाहीला लेस लावायचीय. तुमच्या त्या मिस्सेच्या पांढऱ्या झग्याची लेस मला बघू द्याल का?"

'टॉप' हा शब्द आमच्या आईच्या कोशात नव्हता. तिच्याकडे चोळी होती, पोलके होते, फार झाले तर झंपर. आणि विणकाम म्हटले की आमच्या मनात येते ती लोकर, कानटोपी आणि थंडी. देगलूरला एप्रिलमध्ये अंगावर साधा सदरा नकोसा होतो, तेथे विणलेला कपडा कोण घालणार, असे आम्ही हसून विचारले. ती म्हणाली, "लोकरीचा नाही हो फादर, सुताचा. जाळीचा. वारं आरपार जातंय."

पुढे आम्ही थोडे वाचले तेव्हा आमचेच हसे झाले. सुयांवरील विणकामाचे जगातील जे अत्यंत जुने नमुने आज शिल्लक आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले निळ्यापांढऱ्या सुताचे मोजे आहेत. ते साताठशे वर्षांहून जुने आहेत. म्हणजे ही विद्या काही बर्फाच्या मुलखाचीच नव्हे. उन्हाच्या देशात सुतावरच ती वाढली होती.

आणि सूत म्हटले तर ते आमच्या अंगणातले. नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या काळापासून येथील काळ्या मातीतला गावरानी कापूस नावाजलेला होता. नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली ती त्याच कापसाच्या जोरावर. तिचा भोंगा केव्हाच बंद पडला. नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्राने दिलेले 'नांदेड-४४' हे संकरित वाण एके काळी महाराष्ट्रभर पेरले जात असे. या मुलीची आई दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जाते. मुलीच्या हातातला गुंडा मात्र बाजारातून आणलेला, दूरच्या कुठल्याशा गिरणीत कातलेला. आईच्या बोटांतून बोंडे जातात आणि लेकीच्या बोटांत सूत येते, मधल्या वाटेवर ते कोठे कोठे फिरून येते ते दोघींनाही ठाऊक नसते.

आम्ही कपाट उघडून झगा काढून दिला. धर्मगुरू मिस्सेच्या वेळी आत जो पायघोळ शुभ्र झगा घालतात त्याला आल्ब म्हणतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. आमचा हा आल्ब १९९९ साली आमच्या गुरुदीक्षेच्या वेळचा. त्याच्या घेराला क्रोशाने विणलेली सहा इंच रुंद लेस आहे. ती आमच्या आईने केली. वसईला आमच्या घराच्या ओट्यावर, दुपारची भांडी झाल्यावर, बिस्किटांच्या जुन्या डब्यात दोऱ्याचा गुंडा ठेवून ती विणत बसे. डब्याच्या झाकणाला भोक पाडून त्यातून दोरा बाहेर काढलेला असे, म्हणजे गुंडा अंगणात लोळत नसे. आम्ही १९९० साली सेमिनरीत गेलो तेव्हा तिने पहिली साखळी घातली आणि नऊ वर्षांनी आमच्या दीक्षेच्या आठवड्यात शेवटचा टाका मिटवला. सुट्टीत घरी आलो की ती लेस आम्हांला आणखी हातभर लांब झालेली दिसे. आम्ही तेव्हा तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचत होतो. हे काम तिला कसे साधते, किती वेळ लागतो, हे एकदाही विचारावेसे वाटले नाही. आई २००९ साली देवाघरी गेली.

मुलीने झगा टेबलावर पसरला, खिडकीपाशी उजेडात धरला आणि बोटाने मोजू लागली. "पाच साखळ्या, एक मुका खांब, मग पंख्यासारखे सात खांब..." आम्ही ज्या लेसकडे सव्वीस वर्षे पाहत होतो ती तिने पाच मिनिटांत वाचून काढली. मग ती थबकली. "फादर, इथं चुकलंय. सात खांबांच्या जागी सहाच आहेत." आम्ही पाहिले. खरेच एका पंख्यात एक खांब कमी होता. त्या दिवशी आईला काय झाले असेल? कोणी हाक मारली असेल, गाय सुटली असेल, की आमचे पत्र आले असेल? आता ते कळायला मार्ग नाही. पण नऊ वर्षांच्या कामातला तो एक क्षण तेथे जसाच्या तसा थांबलेला आम्ही प्रथमच पाहिला.

त्यानंतर आमची संध्याकाळची फेरी त्या वर्गावरून जाऊ लागली. प्रारंभी तिने एक लहान चौकोन विणला, सहा इंचांचा. आम्हांला वाटले, हा टॉपचा खिसा असावा. तो नमुना होता. तिने तो धुतला, वाळवला आणि पट्टीने मोजला. उंचीत तो जवळजवळ पाव इंच आटला होता. सूत धुतल्यावर आटते, म्हणून आधी नमुना धुऊन मगच टाक्यांचे गणित मांडायचे, हे धर्मभगिनींनी पक्के शिकवलेले. दहा नंबरच्या सुयांवर इंचाला सहा टाके बसत होते. छातीचा घेर सैलसर छत्तीस इंच धरला, म्हणजे पुढचा भाग एकशे आठ टाक्यांचा आणि मागचा तितकाच. सेमिनरीत आम्हांला तर्कशास्त्राला बरे गुण होते, पण हे गणित आम्ही कागदावर मांडेपर्यंत तिचे टाके सुईवर चढलेही होते.

लोकर आणि सूत यांतला भेद तिने एका वाक्यात सांगितला. लोकर चूक पोटात घालते, सूत घालत नाही. लोकरीला ताण असतो, ती ओढली तर परत जागेवर येते, टाका थोडा सैल झाला तरी धुतल्यावर सावरतो. सुताला तो लवचिकपणा नाही. प्रत्येक टाक्यावर हाताचा ताण सारखा ठेवावा लागतो, नाही तर कमीजास्त ओळी लांबून दिसतात. शिवाय सूत वजनाला जड. गच्च विणलेला सुती कपडा स्वतःच्या भाराने खाली ओघळतो. म्हणून उन्हाळ्याच्या कपड्यात जाळी घालतात. तिने दोष झाकला जात नाही, उलट अधिक दिसतो, पण भार हलका होतो आणि वारा खेळतो.

जाळीची युक्ती आम्हांला फार आवडली. सुईवर धागा एकदा नुसताच लपेटून घेतला की तेथे भोक पडते, आणि एक टाका वाढतो. वाढलेला टाका तसाच ठेवला तर कपडा पसरत जाईल, म्हणून शेजारचे दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा. जितक्या वेळा लपेटा तितक्या वेळा जोडी. ओळीच्या शेवटी टाके मोजले तर एकशे आठचे एकशे आठच. भोके असंख्य, पण काहीही कमी झालेले नाही. त्या शुक्रवारी उपवासावर प्रवचन करताना हा दृष्टान्त आम्ही वापरला, हे कबूल करतो. मुलींच्या बाकावर हसू पिकले.

आम्ही स्वतः एकदा सुया हाती घेतल्या. वीस टाके घातले होते, चौथ्या ओळीला सतरा झाले, सातव्या ओळीला तेवीस. वर्गातल्या सर्वांत लहान मुलीने ते विणकाम आमच्या हातून घेतले, सुई काढली, आणि एका ओढीत सारे उसवून टाकले. "परत करा, फादर," ती म्हणाली. पापनिवेदनाच्या खोलीत आम्ही इतक्या सहजतेने लोकांना हेच सांगत असतो. ऐकून घेण्याची पाळी आमच्यावर आली तेव्हा कान लाल झाले.

उसवण्याची भीती जाळीकामात मोठी. साध्या विणीत सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने ओळ न् ओळ वर उचलून आणता येतो. जाळीत तो कोठून कसा उसवला हे लवकर कळत नाही. म्हणून ती प्रत्येक नक्षी पूर्ण झाली की शिवणाच्या सुईने एक तांबडा धागा त्या ओळीतल्या सर्व टाक्यांतून ओवून ठेवी. पुढे चूक झाली तर सुई काढून निर्धास्तपणे उसवायचे, वीण त्या तांबड्या धाग्यापाशी येऊन थांबते. काम पुढे गेले की तो धागा ओढून काढायचा आणि वर ओवायचा. दोनदा तिने तसे उसवले. एकदा अकरा ओळी. अकरा ओळी म्हणजे जवळजवळ बाराशे टाके. तिचे डोळे भरून आले होते, पण हात थांबले नव्हते.

सेमिनरीत असताना एका जुन्या चित्राची प्रतिकृती आम्ही पाहिली होती. जर्मन चित्रकार मास्टर बेर्ट्राम याने सुमारे १४०० साली बुक्सटेहूड येथील वेदीसाठी ते काढले; आज ते हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. पवित्र मरिया घरात बसली आहे आणि चार सुयांवर बाळ येशूसाठी सदरा विणते आहे. गळ्याचे टाके सुयांवर आहेत, सदरा पूर्ण होत आला आहे, आणि दारातून देवदूत क्रूस व भाला घेऊन येत आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसाखाली ज्या शिवण नसलेल्या, वरपासून खालपर्यंत अखंड विणलेल्या अंगरख्यासाठी शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या, तो आईच्या हातचा असावा अशी भाविकांची कल्पना. तेव्हा आम्ही त्या चित्राचा ईश्वरविज्ञानाच्या दृष्टीने विचार केला होता. देगलूरच्या त्या खोलीत बसल्यावर प्रथमच मनात आले की शिपायांना तो अंगरखा फुकट मिळाला. कोणाच्या किती संध्याकाळी त्यात गेल्या असतील, हे त्यांच्या लेखी नव्हते.

ईस्टरच्या आदल्या दिवशी टॉप पूर्ण झाला. खालच्या घेराला, बाह्यांना आणि गळ्याला मिळून चौऱ्याऐंशी इंच लेस लागली. नक्षी आमच्या आईचीच, पण सहा इंचांची दीड इंचावर आणलेली. ओला टॉप तिने दोरीवर टांगला नाही. टांगला असता तर पाण्याच्या भाराने लांबला असता. सावलीत चादर अंथरून त्यावर तो सपाट पसरला, लेसच्या एकेका टोकाला टाचणी लावून ताणला, आणि वाळू दिला. त्या रात्री ईस्टरच्या जागरणविधीत मेणबत्त्यांच्या उजेडात ती आपल्या आईशेजारी उभी होती. तो पांढरा, हलका, जाळीदार कपडा पाहून बायका मान वळवून पाहत होत्या. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर एक गोड आठवण म्हणून आम्ही ती येथे लिहिली असती.

पण त्या आठवड्यात एक गृहस्थ आले. तयार कपड्यांचा व्यापार करणारे. कोणाकडून तरी त्यांना त्या टॉपचा फोटो मिळाला होता. त्यांनी सांगितले, असे टॉप हवे आहेत, सूत आम्ही देऊ, मजुरी नगामागे अडीचशे रुपये. प्रारंभी दहा नग. मुलगी आनंदली. ती आणि तिची आई सल्ला विचारायला आमच्याकडे आल्या.

वाचकहो, आमच्या ओठांवर काय आले होते ते सांगणे आम्हांला भाग आहे. आम्ही म्हणणार होतो, "घे की बेटा. नाही तरी हे रिकाम्या वेळचे काम. घरबसल्या चार पैसे मिळतील." वाक्याचा अर्धा भाग आम्ही बोललोही. आणि तेथेच थांबलो, कारण हेच वाक्य आम्ही पूर्वी एकदा उच्चारले होते.

ते २००३ साल होते. याच सीमाभागातल्या दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही साहाय्यक धर्मगुरू होतो. एक वृद्ध तेलुगू बाई दारोदार लेस विकत फिरत असे. आम्ही तिला अम्मा म्हणत असू. वेदीच्या वस्त्रासाठी नऊ हात लेस तिने दाखवली, अननसाच्या नक्षीची, अतिशय देखणी. नऊशे रुपये सांगितले. आम्ही घासाघीस केली. घरी बसून रिकाम्या वेळात तर करता, असे म्हणालो. तरीही ती उतरेना, तेव्हा आम्ही शेवटचे अस्त्र काढले, "अम्मा, हे देवाच्या कामासाठी आहे." ती गप्प झाली. मोडक्या मराठीत म्हणाली, "देवाचं म्हटलं तर मी काय बोलू?" चारशे रुपयांत तिने ती लेस दिली. त्या दिवशी जेवताना आम्ही आमच्या वरिष्ठांना मोठ्या अभिमानाने सांगितले की धर्मग्रामाचे पाचशे रुपये वाचवले.

आमच्या देगलूरची लेंडी नदी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला मिळते, आणि गोदावरी जेथे समुद्राला भेटते त्या मुखाजवळ आंध्रात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबांतील स्त्रियांनी त्या भागातील गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवली, आणि पुढे तिचा परदेशांत मोठा व्यापार झाला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते असे: या स्त्रिया घरकाम सांभाळून दिवसाला सहा ते आठ तास लेस विणत, त्यांच्या मालावर निर्यातदार श्रीमंत होत, आणि तरीही त्यांना कामगार म्हणून कोणी मोजत नसे. त्या गृहिणी, आणि लेस म्हणजे त्यांच्या फुरसतीचा उद्योग, अशी सर्वांची समजूत. कित्येकदा त्यांची स्वतःचीही. समजूत तशी असल्यामुळेच मजुरी नाममात्र ठेवता येत असे. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. नक्षीला नाव मिळाले. बोटांना काय मिळाले हा प्रश्न वेगळा.

आपल्या धर्मसभेचा या कामाशी संबंध जुना आहे आणि तो बहुतांशी दयेचा आहे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचे पीक कुजून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील मठांनी मुलींना लेस शिकवली. यॉल गावच्या मदर मेरी अ‍ॅन स्मिथ यांनी इटालियन लेसचा एक तुकडा मिळवला, तो टाका टाका उसवून त्याची रीत समजून घेतली, आणि मग उपाशी मुलींना ती शिकवली. तिच्यावर कुटुंबे जगली. हे सारे खरे आणि पूजनीय. पण दुष्काळात जे भाकरीसाठी शिकवले गेले ते पुढे सुकाळातही भाकरीपुरतेच उरले, तर त्याला दया म्हणता येणार नाही. लिओ तेरावे यांनी १८९१ साली आपल्या परिपत्रात कामगाराच्या न्याय्य मजुरीचा प्रश्न मांडला. आम्ही सेमिनरीत त्यावर निबंध लिहिला होता. निबंधात गिरण्या होत्या, खाणी होत्या. ओट्यावर बिस्किटांचा डबा घेऊन बसलेली बाई त्यात नव्हती.

आम्ही गप्प झालो, तेव्हा बोलली ती मुलीची आई. आतापर्यंत ती दाराशी पदर सावरून उभी होती. ती म्हणाली, "येचणीला गेलं तर तिथं काटा तरी असतोय, फादर. कापूस काट्यावर टाकत्यात, जितका किलो तितकी मजुरी. हिच्या कामाला काटाच न्हाई."

साऱ्या परिपत्रांचे सार त्या माउलीने दोन वाक्यांत सांगितले. आम्ही मुलीला तिची वही आणायला सांगितली. वर्गातल्या प्रत्येक मुलीने रोज किती ओळी झाल्या आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचे, असा धर्मभगिनींचा दंडक आहे. तिघांनी बसून बेरीज केली. पुढचा-मागचा भाग आणि बाह्या सत्तावीस तास. लेस चौदा तास. उसवणे, जोडणे, धुणे आणि ताणून वाळवणे पाच तास. एकूण शेहेचाळीस तास. अडीचशे रुपयांना शेहेचाळीसने भागले तर तासाला साडेपाच रुपयेही पडत नव्हते. रोजगार हमीच्या कामावर खडी वाहणाऱ्या मजुराला एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये ठरले होते. आठ तासांचा दिवस धरला तर शेहेचाळीस तासांचे अठराशेच्या आसपास होतात. सराव झाल्यावर तिचा हात जलद होईल, तीस तासांत टॉप होईल, हे धरूनही मेळ बसेना.

गृहस्थ परत आले तेव्हा तिने वही त्यांच्यापुढे ठेवली. ते चिडले नाहीत. हसून म्हणाले, "ताई, एवढ्यात यंत्रावरचे पाच टॉप येतात." हेही खोटे नव्हते. ते निघून गेले. मुलीचा चेहरा उतरला. दहा नगांचे अडीच हजार रुपये तिच्या घराला लहान नव्हते, आणि ते गेले त्यात आमचा वाटा होता. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. न्यायाची गोष्ट सांगणे सोपे असते. तिची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते.

म्हणून जूनमधल्या धर्मग्राम परिषदेच्या सभेत आम्ही विषय मांडला. वेदीच्या वस्त्राला नवी लेस हवी होतीच. ती वर्गातल्या मुलींकडून तासांच्या हिशेबाने घ्यावी, असे आम्ही सुचवले. आक्षेप आला. बाजारात यंत्राची लेस स्वस्त मिळते, धर्मग्रामाचा पैसा जपून वापरावा, आणि मुली देवासाठी सेवा म्हणून करणार नाहीत का? हा शेवटचा प्रश्न ऐकताना आम्हांला २००३ सालचा आमचाच आवाज ऐकू आला. आम्ही सभेपुढे ती अम्माची हकिकत सांगितली. सांगणे अवघड गेले. सभा काही वेळ स्तब्ध होती. अखेर ठरले ते असे: नऊ हात लेस परवडत नाही, तर वेदीच्या दर्शनी बाजूपुरती तीन हात घ्यावी, पण पुऱ्या मजुरीने घ्यावी. ज्याला सेवा करायची असेल त्याने ती मजुरी हातात पडल्यानंतर आपल्या खुशीने करावी.

ती तीन हात लेस आता वेदीवर आहे. दोन बाजू उघड्या आहेत. पाहुणे आले की विचारतात, लेस कमी पडली का? आम्ही सांगतो, पैसे कमी पडले. त्या मुलीला पुढे धर्मग्रामातल्याच दोन कुटुंबांनी टॉप करायला सांगितले, एक लग्नासाठी आणि एक प्रथम कम्युनियनसाठी. यातून काही तिचा संसार चालणार नाही, हे तिला ठाऊक आहे. ती शिवणयंत्रावर ब्लाउज शिवायलाही शिकते आहे. पण वही तिने सोडलेली नाही.

२०२५ हे ख्रिस्तसभेचे जुबिली वर्ष. लेवीयाच्या ग्रंथातल्या जुबिलीचा अर्थ जमीन परत करणे, बंदिवानांना मोकळे करणे असा होता. त्या निमित्ताने आम्ही त्या जुन्या धर्मग्रामात जाऊन आलो. अम्माची चौकशी केली. ती कोणत्या गावची, कोठे गेली, कोणाला सांगता येईना. वेदीवर मात्र तिची लेस अजून आहे, धुऊन धुऊन मऊ झालेली, अननसांची एकही पाकळी न तुटलेली. आम्ही खिशात पाचशे रुपये घेऊन गेलो होतो. ते द्यायला कोणी नव्हते, आणि बावीस वर्षांनी पाचशे पुरलेही नसते.

प्रेषितांच्या कृत्यांत तबीथा नावाच्या एका शिष्येची कथा आहे. ती मरण पावल्यावर पेत्र आला, तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. मृत्यूच्या प्रसंगी कपडे कसले दाखवता, असे पेत्र म्हणाला नाही. त्याने ती पाहिली. आमच्या आईची लेस आम्हांला पाहायला सव्वीस वर्षे लागली, आणि तीही एका कापूस वेचणाऱ्या बाईच्या लेकीने दाखवली तेव्हा. आता मिस्सेआधी आल्ब अंगावर चढवताना आमचे बोट आपोआप त्या सहा खांबांच्या पंख्यावर जाते. तो दुरुस्त करून देऊ का, असे मुलीने विचारले होते. आम्ही नको म्हटले. आईच्या साऱ्या तासांपैकी नेमका तेवढाच एक क्षण आमच्या मोजणीत आला आहे.